धर्मविधीविरहित विवाह : लग्न लावायचे कोणी?

ज्या विवाहात होम, सप्तपदी, कन्यादान, निकाहचा खुतबा किंवा चर्चमधली प्रार्थना नसते आणि ज्याची वैधता भटजी, जंगम, काझी वा पाद्री यांच्या अधिकारावर टेकलेली नसते, तो धर्मविधीविरहित विवाह. महाराष्ट्रात त्याचे दोन मुख्य प्रकार रूढ आहेत. एक, १८७३ पासून चालत आलेला सत्यशोधक विवाह. दुसरा, विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर होणारा विवाह. बोलीत त्याला नोंदणी विवाह किंवा कोर्ट मॅरेज म्हणतात. अलीकडे या दोहोंची सांगड घालून, राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन करून लावलेली लग्नेही होऊ लागली आहेत.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सोयरीक जमली, की तारीख, मंगल कार्यालय, बस्ता, आचारी आणि मंडप यांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालते. भटजीची चर्चा सहसा होत नाही, कारण तो ठरलेलाच असतो : गावचा, घराण्याचा, आणि घर लिंगायत असेल तर मठाशी जोडलेला जंगम. धर्मविधी वगळायचे ठरले, की नेमका हा ठरलेला माणूस बाजूला होतो आणि त्याच्या जागी कोण, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर लग्नाला चार दिवस उरले असताना शोधले जाते. ओळखीचा पुढारी, बरे बोलणारा गुरुजी किंवा कार्यालयात माइक धरणारा निवेदक, जो हाताशी असेल तो उभा केला जातो. निवड चुकते ती बहुधा इथेच. भटजी एका वेळी तीन निरनिराळी कामे करत असतो. ती तिन्ही पुन्हा एकाच माणसाच्या गळ्यात घालण्याची गरज नसते. ती सुटी केली, तर प्रत्येक कामाला योग्य माणूस सापडणे अवघड नाही.

पुरोहिताची तीन कामे

पहिले काम वैधतेचे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार वर किंवा वधू यांपैकी कोणाही पक्षाच्या रूढ विधींनी विवाह लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. पुरोहित हवाच, असे कायद्याने कुठे म्हटलेले नाही. पण विधी जाणणारा आणि झाला असे सांगू शकणारा माणूस म्हणून तो व्यवहारात वैधतेचा आधार ठरतो.

दुसरे काम क्रम चालवण्याचे. कोणी कुठे बसायचे, आंतरपाट कधी धरायचा, मामा कुठे आहेत, माळा कोणाच्या हातात आहेत, हे सगळे भटजी मंत्र म्हणता म्हणता सांभाळतो.

तिसरे काम मान्यतेचे. जमलेल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या आणि गावाच्या वतीने, हे दोघे आता नवराबायको झाले, असे कोणीतरी जाहीर करावे लागते. मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या, की ही मान्यता मिळाली असे सगळे धरून चालतात.

धर्मविधीविरहित विवाहात पहिले काम कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, दुसरे समारंभ चालवणाऱ्या माणसाकडे, म्हणजे संचालकाकडे, आणि तिसरे दोन्हीकडच्या घरांकडे व जमलेल्या लोकांकडे. लग्न मात्र यांच्यापैकी कोणीच लावत नाही. ते दोघे स्वतः एकमेकांशी लग्न करतात, बाकीचे त्याला हजर असतात. सत्यशोधक परंपरेचे आणि १९५४ च्या कायद्याचे या एका गोष्टीवर एकमत आहे.

सत्यशोधक विवाहाची पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात सावित्रीबाई फुले यांचा पुढाकार होता. दुसरा विवाह ७ मे १८७४ रोजी ग्यानोबा कृष्णाजी ससाणे आणि काशीबाई शिंदे यांचा झाला. पुढे १८८९ मध्ये फुले दांपत्याने आपला मुलगा यशवंत याचे लग्नही याच पद्धतीने लावले.

फुल्यांनी पुरोहित वगळला, पण विधी वगळला नाही. १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या मंगलाष्टकांची रचना वर आणि वधू यांच्या संवादाची आहे. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते, वर तिला वचन देतो, आणि लोकांसमोर हे देणेघेणे झाले की माळा घातल्या जातात. संस्कृत न कळणाऱ्या दोघांच्या वतीने तिसऱ्याने बोलण्याची जी रीत होती, ती इथे उलटली. बोलायचे त्या दोघांनीच आणि आपल्या भाषेत. फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथातही लग्नविधीचा विचार आहे.

पुरोहित वगळणे ही त्या काळी खासगी बाब नव्हती. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ मध्ये घरची लग्ने ब्राह्मण पुरोहिताशिवाय लावली, तेव्हा गावच्या जोशांनी दक्षिणेचा वतनी हक्क बुडाला म्हणून दावा केला, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न बोलावलेल्या पुरोहितालाही दक्षिणा मागण्याचा हक्क असावा काय, हा त्यातला मूळ प्रश्न होता. मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने असे हक्क रद्द ठरवले. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेले जोशी विधेयक ते हेच.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगळी वाट घेतली. १९२० मध्ये त्यांनी सदाशिवराव बेनाडीकर यांची क्षात्रजगद्गुरू या ब्राह्मणेतर धर्मगुरुपदी नेमणूक केली आणि ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्याला बळ दिले. एका पुरोहिताच्या जागी दुसरा आणल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, असे सत्यशोधकांतल्या अनेकांना वाटले. हा वाद आजही संपलेला नाही. धर्मविधीविरहित विवाहाचा संचालक नेमतानाही, हा नवा भटजी तर होत नाही ना, हे पाहावेच लागते.

मराठवाड्यातील परंपरा

नांदेड आणि लातूर हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सत्यशोधक चळवळ इथे पुण्या-कोल्हापुराइतकी मुरली नाही. पुरोहितशाहीला पर्याय देण्याचे काम इथे इतर चळवळींनी केले.

त्यात आर्य समाजाचे नाव आधी घ्यावे लागते. उदगीर, निलंगा, औसा, लातूर या पट्ट्यात १९३० च्या दशकात आर्य समाजाचे मोठे जाळे होते. उदगीरचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे त्याचे पुढारी; श्यामलाल यांना १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू आला. आर्य समाजी विवाहात पुरोहिताला जातीची अट नसते, आणि १९३७ च्या आर्य विवाह वैधीकरण कायद्याने आंतरजातीय आर्य विवाहांना मान्यता मिळाली. तरीही त्यात होम आणि वेदमंत्र असल्याने तो धर्मविधीचाच विवाह ठरतो. आर्य समाजातले लग्न म्हणजे नोंदणी विवाह, असा समज या भागात अजून आढळतो. तो चूक आहे.

त्याहून जुना वारसा लिंगायतांच्या बसवण्णांचा. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तेथे बसवण्णांचे अनुयायी, म्हणजे शरण, असलेल्या हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरसांची मुलगी यांचा जातीबाहेरचा विवाह झाला आणि त्यापायी दोन्ही बापांना जीव गमवावा लागला, अशी शरणपरंपरेची स्मृती आहे. प्रचलित लिंगायत लग्नात जंगम असतो. बसववादी घराण्यांतल्या काही लग्नांत मात्र शरणांच्या वचनांच्या वाचनाला पुढे आणून जंगमाची भूमिका कमी केली जाते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत विवाहविधी पूर्णपणे बदलला. वस्तीतलाच प्रशिक्षित बौद्धाचार्य पांढऱ्या वस्त्रांत उभा राहून त्रिशरण-पंचशील देतो आणि वधूवरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतो. हा विवाह धर्माचा असला, तरी एक गोष्ट त्याने सिद्ध केली : पुरोहित जन्माने नव्हे तर प्रशिक्षणाने घडवता येतो, आणि साधा, अर्ध्या तासात आटोपणारा विधी हजार माणसांच्या मांडवात चालतो. मराठा सेवा संघाच्या प्रेरणेने होणाऱ्या शिवविवाहांनीही जिजाऊ-शिवरायांना वंदन करून ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची पद्धत शेतकरी घरांत नेली. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी सत्यशोधक विवाह पुन्हा चालता केला. या चळवळीतली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये सुरू केली होती. थोडक्यात, भटजीशिवायचे लग्न नांदेड-लातूरला नवे नाही. नवे आहे ते कोणत्याच धर्माचा आधार न घेता लागणारे लग्न.

कायदा काय मागतो

विशेष विवाह अधिनियमाखाली वैधतेचे काम फक्त विवाह अधिकारी करू शकतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ज्या अधिकाऱ्याला शासनाने तसे नेमले असेल, तो विवाह अधिकारी. त्याच्याकडे नोटीस देण्यासाठी दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांत कोणी कायदेशीर हरकत घेतली नाही तर विवाह लागतो, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तो न झाल्यास नोटीस रद्द होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. वराचे वय २१, वधूचे १८ पूर्ण असावे लागते.

संचालकाच्या निवडीच्या दृष्टीने कलम १२ सगळ्यांत महत्त्वाचे. विवाह कार्यालयात किंवा, जादा शुल्क भरून, वाजवी अंतरावरील दुसऱ्या ठिकाणी लागू शकतो. तो कोणत्या पद्धतीने लावायचा, हे पक्षांच्या मर्जीवर आहे. अट एकच : विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, दोघांनाही समजणाऱ्या भाषेत, कायदेशीर पती वा पत्नी म्हणून स्वीकारल्याचे बोलून सांगितले पाहिजे. ते वाक्य उच्चारल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नड बोलणारी घरे आहेत, उर्दू-दखनी तर दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्यामुळे भाषेची ही मोकळीक इथे उपयोगाची ठरते.

यातून तीन मार्ग निघतात. अधिकाऱ्यालाच मांडवात बोलावता येते; मग कायदा आणि समारंभ एकाच जागी पार पडतात, पण वेळ अधिकाऱ्याच्या सोयीने धरावी लागते. दुसरा मार्ग सगळ्यांत सोपा : सकाळी किंवा आदल्या दिवशी विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन कबुली द्यायची, सही करायची आणि मग मांडवात समारंभ करायचा. असे केले, की मांडवात कोणीही संचालक चालतो, कारण वैधतेचा भार त्याच्यावर उरत नाही. तिसरा मार्ग, आधी समारंभ आणि मग कलम १५ खाली नोंदणी. त्यासाठी समारंभानंतर दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावे लागतात, नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण असावे लागते आणि पुन्हा ३० दिवसांची नोटीस लागते. अठरा-एकोणीस वर्षांच्या नवरीचे लग्न या मार्गाने लावले, तर नोंदणीला दोन-तीन वर्षे थांबावे लागेल.

दोघेही हिंदू असतील आणि लग्न केवळ सत्यशोधक पद्धतीने लावायचे असेल, तर सावधगिरी हवी. तमिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान विवाहांना १९६७ मध्ये अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह अधिनियमात कलम ७-अ घालून मान्यता दिली. नातेवाईक, मित्र वा इतर व्यक्तींसमोर माळ, अंगठी किंवा ताली (मंगळसूत्र) यांनी लग्न पूर्ण होते, पुरोहिताची गरज नाही, असे ते कलम सांगते. महाराष्ट्रात असे कलम नाही. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हिंदू विवाह अधिनियमाखालच्या लग्नात आवश्यक विधीच झाले नसतील, तर निव्वळ नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही. म्हणून सत्यशोधक लग्नाला विशेष विवाह अधिनियमाची जोड देणे शहाणपणाचे. दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कोणीही धर्म बदलणार नसेल, तर बहुतेकांना हाच मार्ग उरतो.

निकाहच्या बाबतीत एक नोंद हवी. मुस्लिम कायद्यात विवाह हा करार आहे. एका बाजूचा प्रस्ताव, दुसरीचा स्वीकार आणि साक्षीदार, एवढ्याने तो होतो. काझी असतो तो रूढीने आणि नोंदीसाठी. दोघांनी आपल्या तोंडाने कबुली देण्याचे तत्त्व १९५४ च्या कायद्यालाही परके नाही.

उपलब्ध माणसे

नांदेड-लातूरमध्ये संचालक म्हणून साधारणपणे पुढील माणसे समोर येतात.

चळवळीतले कार्यकर्ते. सत्यशोधक किंवा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातल्या माणसाला विधीचा क्रम पाठ असतो, प्रतिज्ञांचा मसुदा त्याच्याकडे तयार असतो, आणि तो सहसा पैसे घेत नाही. त्याचा धोका भाषणाचा. आंधळ्या रूढींवर वीस मिनिटे बोलणाऱ्या संचालकासमोर नवरीच्या आजीने काय करावे, हा प्रश्न त्याला पडत नाही. नवसाच्या सवाष्णी जेवू घालून आलेली आजी त्याच मांडवात बसलेली असते, आणि लग्न तिच्याही नातीचे असते.

शिक्षक आणि प्राध्यापक. गावात शब्दाला वजन, आवाज कमावलेला, दोन्हीकडच्या चार माणसांना शिकवलेले. मराठवाड्यात लग्न लावायला हा बहुतेक वेळा सगळ्यांत योग्य माणूस ठरतो. मात्र त्याला आधी मसुदा द्यावा लागतो, नाहीतर तो सत्कार समारंभाच्या वळणाने जातो.

घरातले वडीलधारे, विशेषतः स्त्रिया. आत्या, मावशी, आजी किंवा आई यांनी लग्न लावणे हे सत्यशोधक परंपरेच्या मुळाशी जुळते. विधवा आईचा विचार इथे वेगळा करावा लागतो. रूढ लग्नात तिला हळदीपासून कन्यादानापर्यंत बाजूला बसवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन इतर ग्रामपंचायतींना केले. ज्या लग्नात मुलीचे दानच नाही, तिथे ती आई प्रतिज्ञेचे पहिले वाक्य सांगू शकते. तिला माइकवर बोलायची सवय नसेल, तर क्रम दुसऱ्याने चालवावा आणि मान्यतेचे शब्द तिने बोलावेत.

मित्रमैत्रिणी. आपलेपणा असतो, पण मांडवातल्या ज्येष्ठांवर छाप पडत नाही. छोट्या, शंभर-दीडशे माणसांच्या लग्नात ही निवड चांगली. हजाराच्या मांडवात नाही.

व्यावसायिक निवेदक. मंगल कार्यालयातल्या निवेदकाला गर्दी, ध्वनिव्यवस्था आणि वेळ यांचे भान असते. पण आलेल्या पाहुण्यांची नावे घेणे हाच त्याचा धंदा; तो लग्नाचा क्रम नावांच्या यादीत बुडवू शकतो.

राजकीय पुढारी. शुभाशीर्वादाच्या भाषणांनी या भागातल्या लग्नांची वेळ तासाने पुढे जाते, हा सगळ्यांचा अनुभव. पुढारी संचालक असेल, तर तो येईपर्यंत लग्नच थांबते, आणि दोन घरांचे गट वेगळे असतील तर मांडवात तेही उतरतात. त्याला पाहुणा म्हणून बोलावणे बरे.

वकील आणि नोटरी. वकील नोटीस, कागदपत्रे आणि हरकतींच्या कामात उपयोगी असतो. पण मुद्रांकावर करारनामा करून नोटरीचा शिक्का मारला की लग्न झाले, हा समज पूर्णपणे खोटा आहे. तमिळनाडूत वकील स्वाभिमान विवाहाला उपस्थित राहून तो लावू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले ते कलम ७-अ च्या आधारे. महाराष्ट्रात तो आधार नाही.

इतर देशांतील व्यवस्था

काही देशांनी संचालकालाच कायदेशीर अधिकार दिला आहे. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून सरकार नागरी विवाह संचालक नेमते. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी संस्थांच्या संचालकांनी लावलेली लग्ने २००५ पासून वैध धरली जातात, आयर्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने तशी सोय झाली, इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र अशा समारंभाला अजून स्वतंत्र कायदेशीर बळ नाही. परदेशी स्थायिक झालेल्या लातूर-नांदेडच्या मुलांची लग्ने गावाकडे लावताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो : तिकडचा अधिकृत संचालक इथे अधिकृत ठरत नाही.

निवडीचे निकष

संचालक दोन्ही घरांना चालणारा हवा. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्नात तो कोणत्याही एका बाजूच्या जातीचा, संघटनेचा वा गावकीचा प्रतिनिधी वाटता कामा नये. तसे होणारच असेल, तर दोन संचालक ठेवावेत; एकाने क्रम चालवावा, दुसऱ्याने प्रतिज्ञा म्हणवून घ्याव्यात.

त्याला स्वतःला हा विवाह पटलेला हवा. मनातून मंगलाष्टका हव्या असलेला माणूस ऐनवेळी ‘थोडेसे शास्त्रापुरते’ म्हणून काहीतरी घुसवतो, आणि ज्या कारणासाठी घर भांडले तेच निसटते.

त्याने दोघांना लग्नाआधी एकदा तरी स्वतंत्रपणे भेटलेले असावे. प्रतिज्ञेतले शब्द त्यांना मान्य आहेत का, मोठ्याने म्हणता येतात का, हे तेव्हाच कळते. मुलगी या लग्नाला राजी आहे की नाही, हेही याच भेटीत समजते.

त्याने वेळ पाळावी. मुहूर्त नसला, तरी मांडवात आचारी, वाजंत्री आणि एसटीने परत जाणारे पाहुणे असतात.

त्याला थोडा विरोध सोसता यावा. जातपंचायत किंवा गावकी अशा लग्नाला सहकार्य करणाऱ्यावर बहिष्कार टाकत असेल, तर २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्याच्या मदतीला आहे. पण कायदा नंतर येतो, दबाव आधी.

समारंभाचा क्रम

लातुरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात सातशे-आठशे माणसे बसली आहेत, असे धरू. रूढ लग्नात या गर्दीला एक खूण पक्की माहीत असते. गायकाने शेवटच्या मंगलाष्टकेनंतर ‘सावधान’ म्हटले, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, की लग्न लागले. पुढच्या क्षणाला अर्धा मांडव जेवणाकडे वळतो. धर्मविधीविरहित लग्नात ही खूण नसते. दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या, सही झाली, माळाही पडल्या, तरी मागच्या रांगेतले पाहुणे एकमेकांना विचारत राहतात : लागलं का? संचालकाचे कौशल्य या एका क्षणात तपासले जाते.

म्हणून क्रम छोटा आणि उघड असावा. आरंभी संचालक उभा राहून तीन-चार वाक्यांत सांगतो, की आज कोणता विधी होणार आहे, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या वाटल्या आहेत आणि त्या केव्हा टाकायच्या. मग दोन्हीकडच्या आईवडिलांना मंचावर बोलावले जाते. त्यानंतर सत्यशोधक पद्धत असेल तर फुले दांपत्याच्या प्रतिमेला फुले वाहणे, घटनेवर भर असेल तर उद्देशिकेचे सामूहिक वाचन. हा भाग पाच मिनिटांत संपावा. मग वधू आणि वर समोरासमोर उभे राहून प्रतिज्ञा म्हणतात. संचालकाने ओळ सांगायची आणि त्यांनी मागून म्हणायची, ही रीत बरी. पण माइक त्यांच्या हातात हवा, संचालकाच्या नव्हे. नवरीचा आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणे हाच या लग्नाचा गाभा आहे. त्यानंतर माळा. माळा पडताच संचालक ठरलेले एक वाक्य मोठ्याने उच्चारतो, वाजंत्रीला खूण करतो आणि पाकळ्या पडतात. विवाह अधिकारी हजर असेल, तर त्याच्यासमोरची कबुली आणि सह्या याच ओघात घ्याव्यात. मान्यवरांचे शुभाशीर्वाद असतील तर ते सगळे यानंतर. आधी नाहीच.

ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला आणि वाजंत्रीला हा क्रम कागदावर लिहून द्यावा लागतो. नाहीतर माळा दिसताच वाजंत्र्याची बोटे सवयीने कीबोर्डवर मंगलाष्टकेचा सूर धरतात.

मानधन

दक्षिणा नाकारून पुरोहित वगळलेल्या लग्नात संचालकाला काय द्यावे, याचा संकोच घरांना वाटतो. चळवळीतला माणूस बहुधा प्रवासखर्चापलीकडे काही घेत नाही; त्याच्या कामाला किंवा गावच्या वाचनालयाला देणगी देण्याची रीत चांगली. व्यावसायिक निवेदकाशी रक्कम आधी ठरवावी. टोपी, टॉवेल, फेटा यांचा आहेर पुरोहिताच्या मानपानाची जागा घेत असेल, तर तोही टाळलेला बरा.

संचालकाची कायदेशीर जबाबदारी

बालविवाह प्रतिबंधक अधिनियम, २००६ च्या कलम १० नुसार बालविवाह लावणारा, चालवणारा किंवा त्याला साहाय्य करणारा कोणीही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड यांना पात्र ठरतो. विधी धर्माचा होता की नव्हता, याने फरक पडत नाही. मराठवाड्यात बालविवाहाचे प्रमाण आजही चिंताजनक आहे, त्यामुळे संचालकाने वयाचा पुरावा स्वतः पाहिला पाहिजे : जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, केवळ आधार कार्ड नव्हे. शंका आल्यास गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. आधीचे लग्न अस्तित्वात आहे का, घटस्फोट झाला असेल तर हुकूमनामा आहे का, हेही विचारणे संकोचाचे नसून आवश्यक आहे.

कागदपत्रे आणि नंतरची नोंद

विशेष विवाह अधिनियमाखाली झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र विवाह अधिकारीच देतो. त्यावर दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या असतात. संचालकाच्या सहीची तिथे गरज नसते. मात्र संचालक हाच एक साक्षीदार असेल, तर दोन्ही भूमिका सोयीने जुळतात.

इतर विवाहांची नोंद महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ खाली ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत ९० दिवसांत करायची असते. त्यासाठीच्या विवाह ज्ञापनात वधू, वर आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव, पत्ता आणि सही यांसाठीही रकाना आहे. लग्न धर्मविधीशिवाय लागले असेल आणि नोंद याच कायद्याखाली करायची असेल, तर ‘सही कोणाची’ हा प्रश्न या रकान्यापाशी येतो, आणि संचालकाला सही करावी लागते. म्हणून सही करायला तयार असलेला, पत्ता सापडणारा आणि पुढे न्यायालयात साक्षीला उभा राहील असा माणूस निवडणे हा भाग केवळ समारंभाच्या सोयीचा नाही.

प्रमाणपत्राचा उपयोग पुढे बराच होतो. आंतरजातीय विवाहासाठीचे राज्य शासनाचे ५०,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान, पारपत्र, वारसा, निवृत्तिवेतन या सगळ्यांत कागदच पाहिला जातो. लग्न कोणी लावले हे कोणी विचारत नाही. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतल्या मुलींसाठीच्या शुभमंगल योजनेतही सामूहिक विवाहाबरोबर नोंदणीकृत विवाहाला अनुदान आहे. कर्ज काढून लग्न उरकणाऱ्या भागात ही सोय थोडकी नाही.

तमिळनाडूसारखे कलम महाराष्ट्राने केले, तर सत्यशोधक लग्नाला आपल्या पायावर उभे राहता येईल आणि संचालकाची निवड पूर्णपणे दोन्ही घरांच्या मर्जीची बाब होईल. तोवर कामाची विभागणी हाच व्यवहार्य मार्ग : वैधता विवाह अधिकाऱ्याकडे, क्रम तयारीच्या संचालकाकडे, मान्यतेचे शब्द घरच्या माणसांकडे आणि प्रतिज्ञा वधूवरांच्या स्वतःच्या तोंडी.